अध्यापन नाटकी

शेरा एवढाच होता: 'अध्यापन नाटकी. हावभाव अतिरेकी. वर्गशिस्तीस बाधक.' तीन वाक्यं आणि क्रियापद एकही नाही. ऑफिसातल्या माणसाला कुणाला झोडपायचं असलं की तो क्रियापद गाळतो. मग कुणी पाहिलं, किती वेळ पाहिलं, पाहून काही विचारलं का, असले प्रश्न उरतच नाहीत.

लताबाई पगारे यांनी तो कागद मधल्या सुट्टीत, शिक्षकखोलीत उभ्याउभ्याच वाचला. मनमाडला रुळांच्या कडेला असलेल्या या शाळेत त्या एकोणतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवत होत्या. गोपनीय अहवाल नावालाच गोपनीय. त्यातलं चांगलं कुणी सांगत नाही, पण वाईट शेरा असला तर तो ज्याचा त्याला लेखी कळवावा लागतो, असा नियम आहे. एकोणतीस वर्षांत असा कागद त्यांना पहिल्यांदाच आला होता, आणि तो आला नेमका एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. मेअखेर मुख्याध्यापक गोरक्ष सर निवृत्त होणार होते. ज्येष्ठतेच्या यादीत त्यांच्यानंतर पहिलं नाव लताबाईंचं होतं. दुसरं हर्षल निकमचं. हर्षल नोकरीला त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान आणि संस्थेच्या सचिवांचा सख्खा भाचा. आता याच्यापुढे काय सांगायचं! शेरा राहिला तर लताबाईंचं नाव यादीतून खाली घसरणार, हे शाळेच्या शिपायालाही कळत होतं.

आणि ते पद त्यांना हवं होतं, खोटं कशाला बोला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. आई कुसाबाई ऐंशी पार करून बसली होती आणि दर फोनला विचारायची, "हेडबाई कधी होतीस गं?" तिला एकदा शाळेत आणून त्या खोलीतल्या खुर्चीवर बसवायचं, चहा पाजायचा, एवढं लताबाईंनी मनाशी योजून ठेवलं होतं. पण कागद वाचताना आधी बोचला तो शब्दच.

हा शब्द आपल्याकडे फार सोयीचा आहे. सून आजारी पडली की नाटकी. लेकरू शाळेच्या वेळेला पोट धरून रडलं की नाटकी. नवऱ्यानं हात उगारला म्हणून एखादी ओरडत अंगणात आली, तर शेजारी दार लोटून घेतात आणि आतल्या आत म्हणतात, 'नाटकीच आहे हो ती.' पुढारी भरसभेत डोळे पुसतो, तो मात्र भावुक. तोच रातोरात पक्ष बदलतो, तेव्हा त्या घडामोडी नाट्यमय. रंगमंचावरच्या प्रसंगाचं कौतुक करायचं असलं तर तो नाट्यपूर्ण. एका घरातली ही भावंडं, पण मानपान वेगळा, आणि पायरीशी बसवलेला हा नाटकी. गंमत अशी की नाटकात काम करणारी माणसंसुद्धा तालमीत एकमेकांना 'नाटकी करू नकोस' म्हणून दटावतात. आजवर कुणी स्वतःला नाटकी म्हणवून घेतल्याचं ऐकिवात नाही. तो दुसऱ्यासाठी राखून ठेवलेला असतो, आणि त्यातही दुसरीसाठी. एकदा का चिकटला, की ती बाई खरं बोलली तरी खोटी ठरते, आणि मोठ्यानं बोलली तर आणखी खोटी.

लताबाईंचे वडील चांदवडकडच्या गावांतून जलशात गात. त्यामुळे या शब्दाशी त्यांची ओळख जुनी. पाठांतरात पहिली आली तरी 'जलसेवाल्याची पोर, नाटकी असायचीच', आणि पडून गुडघा फुटला तरी तेच. पुढे त्या डी.एड. झाल्या, नोकरीला लागल्या, केस पिकले, आणि आता छपन्नाव्या वर्षी तोच शब्द टाइप होऊन, जावक क्रमांक लावून दारात आला होता.

त्या दिवशी वर्गात काय घडलं ते आता सांगायला हवं, कारण शेऱ्यात ते नाही.

शाळा रुळांपासून चाळीसेक पावलांवर आहे. मधे तारेचं कुंपण आणि चार बाभळी. मनमाड म्हणजे मोठं जंक्शन, दर दहा-बारा मिनिटांनी काही ना काही जातंच. प्रवासी गाडी परवडली, ती चटकन सुटते. मालगाडी सुरू झाली की शेवटचा डबा जाईपर्यंत बाईंचे नुसते ओठ हलताना दिसतात. लताबाई नवीन होत्या तेव्हा त्या थांबायच्या. गाडी गेली की 'हं, कुठे होतो आपण?' तोवर पोरांचं लक्ष बाभळीवरच्या सरड्याकडे. पहिल्या वर्षी असा विचका झाला, की निम्मा वर्ग जोडाक्षरांवाचूनच दुसरीत गेला.

तोड काढली ती त्यांच्या नवऱ्यानं, निवृत्तीनं. निवृत्ती रेल्वे यार्डात पॉइंट्समन होता. डबे जोडायचे, तोडायचे, इंजिनाच्या ड्रायव्हरला हातानं इशारे द्यायचे, हेच त्याचं काम. लताबाई रडकुंडीला येऊन शाळेचं सांगत होत्या, तेव्हा तो जेवता जेवता म्हणाला, "यार्डात कोण तोंडानं बोलतंय? तोंडानं बोलत बसलो असतो तर कवाच कापलो गेलो असतो. हातानं बोल ना." आणि उष्ट्या हातानंच त्यानं करून दाखवलं. दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांजवळ आणले, म्हणजे डबा जोडायचाय, हळू ये. दोन्ही हात सरळ वर केले, म्हणजे थांब.

दुसऱ्या दिवशी वर्गात डोक्यावर जवळ येणारे हात म्हणजे जोडाक्षर झालं आणि सरळ वर गेलेले हात म्हणजे पूर्णविराम. मग काना, मात्रा, वेलांटी, उकार, सगळ्यांना हात मिळाले. बेरजेतला हातचा मूठ मिटून छातीशी धरायचा आणि पुढच्या घरात गेल्यावरच सोडायचा. निम्म्या पोरांचे बाप रेल्वेतच. त्यांना हे शिकवावं लागलं नाही. गाडी आली की बाईंचा आवाज बंद आणि हात सुरू, पोरांची उत्तरंही हातांनीच. पाच-सात वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं, की गाडी येवो न येवो, तोंड आणि हात जोडीनंच चालू लागले. त्यात चेहराही आलाच. वाघ सांगताना चेहरा शेळीचा ठेवून कसं चालेल?

संस्थेचे निरीक्षक शेवाळे साहेब नाशिकहून आले ते डिसेंबरात, आणि नेमका त्या दिवशी लाइनच्या दुरुस्तीसाठी ब्लॉक होता. चार तास एकही गाडी नव्हती. असल्या शांततेची वर्गाला सवय नव्हती, आणि घोटाळा झाला तो इथेच. रोज साडेअकराला एक लांबलचक मालगाडी जायची. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले आणि सवयीनं सगळा वर्ग मुका झाला. आज मागे काहीच वाजत नाही, हे बाईंच्याही ध्यानात आलं नाही. शेवाळे साहेब दारात आले तेव्हा त्यांना दिसलं ते असं: चिडीचूप वर्ग, त्यात एक पिकल्या केसांची बाई हात डोक्यावर नेतेय, वाघासारखे डोळे विस्फारतेय, मूठ छातीशी धरतेय, आणि बाकांवरची पस्तीस पोरं तसंच करताहेत. साहेबांना पाहून लताबाईंनी 'या, बसा' म्हटलं तेही हातानंच. त्यानं साहेबांचा समज पक्काच झाला.

त्यांना वाटलं, आपल्यासाठी हा मूकनाट्याचा कार्यक्रम बसवलाय. सात मिनिटं ते उभे राहिले, ओठ मुडपून वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले. विचारलं काही नाही. ते गेल्यावर लताबाईंना उमगलं, की आज गाडी आलेलीच नाही, आणि त्या पोरांसमोरच खो खो हसत सुटल्या. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

गोरक्ष सर वाईट माणूस नव्हते. पस्तीस वर्षं वरच्यांना 'हो साहेब' आणि खालच्यांना 'बघू' म्हणून त्यांनी सुखानं काढली होती. त्यांनी लताबाईंना खोलीत बोलावून घेतलं आणि दार लोटलं.

"बाई, लय ताणू नका. मी साहेबांशी फोनवर बोललो. ते बी माणूसच हायेत. म्हणले, बाईंनी एक पत्र द्यावं, की यापुढं वर्गात हावभाव करणार नाय, तोंडीच शिकवीन. शेरा मागं घेतो म्हणले. मग तुमचं पद कुणाच्या बापाला अडवता येत नाय."

"आणि गाडी आली की काय करू, सर?"

"थांबायचं. मी नाय थांबलो इतकी वर्षं?"

"ते बघितलंय मी."

सरांनी ते कानाआड केलं. "पत्र देऊन टाका, जूनमधी खुर्चीत बसा, मग वर्गात काय करायचं ते करा. कोण बघाया येतंय!"

म्हणजे लिहून द्यायचं एक आणि करायचं दुसरंच. हे सुचवणाऱ्या सरांना जन्मात कुणी नाटकी म्हटलं नव्हतं, पुढेही म्हणणार नव्हतं. लताबाईंनी विचार करून सांगते म्हटलं आणि बाहेर आल्या. आतून त्या इतक्या संतापल्या होत्या, की पुढचा तास त्यांनी पोरांना चित्रं काढायला लावली.

संध्याकाळी लेकीचा, दिशाचा फोन आला. ती नाशिकला इंदिरानगरात राहायची, एका कंपनीत इंजिनिअर होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, दोन वर्षं राहिलीत गं. दे ना पत्र आणि मोकळी हो. एका शब्दानं काय होतंय? आणि खरं सांगू, थोडी नाटकी आहेसच तू. साध्या भाजीवाल्याशी बोलतानाही हात हलवून त्याला घाबरवतेस." आणि हसली. लेकच ती, लाडानं म्हणाली. लताबाईही हसल्या, फोन ठेवला, आणि भाकरी थापायला बसल्या तर त्यांना पिठावर थापटी मारतानासुद्धा वाटायला लागलं, की आपला हात जरा जास्तच वर जातोय का. त्यांनी पीठ तसंच ठेवलं.

"काय ठरलं मग?" निवृत्तीनं विचारलं.

"पत्र द्यावं म्हणते." त्या म्हणाल्या. "आईला त्या खुर्चीत बसवायचंय मला."

निवृत्तीनं परात आपल्याकडे ओढली. भाकऱ्या त्यानंच केल्या, आणि त्या नेहमीसारख्या जाड झाल्या.

पण लताबाईंचा एक स्वभाव होता: जे लिहून द्यायचं ते आधी करून बघायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या त्या हात पाठीमागे बांधूनच. सकाळची शाळा होती, बेरजा चालल्या होत्या. आठ आणि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. इतक्यात मालगाडी आली. लताबाई थांबल्या. बोटांत बोटं घट्ट अडकवून, भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. पस्तीस पोरं त्यांच्याकडे बघत राहिली. पहिल्या बाकावरच्या पूजानं हातचा मुठीत धरला होता, आणि बाई पुढचं घर दाखवत नाहीत म्हणून ती मूठ छातीशी तशीच धरून बसली. गाडी गेली. लताबाईंनी तोंडी पुढचं सांगितलं, तोवर दुसऱ्या बाजूनं इंजिन आलं. पुन्हा भिंत.

"बाई," आवाज ओसरल्यावर पूजा म्हणाली, "तुमी आमच्यावर रागावल्या का?"

"नाही गं बाळा."

"मग बोलत का नाय?"

मागून कुणीतरी तिला समजावलं, "बाईंचे हात दुखत्यात, गप की."

साडेतीन तासांत गप्प बसण्यात त्रेपन्न मिनिटं गेली. त्यांनी ती फळ्याच्या कोपऱ्यात रेघा मारून मोजली. शेवटच्या तासाला त्यांना ते सहन होईना. पोरांची तोंडं अशी झाली होती, की जणू कुणी त्यांना ओणवं उभं केलंय. लताबाईंना स्वतःची लाज वाटली. कुठल्या कुणा माणसानं सात मिनिटं दारात उभं राहून एक शब्द लिहिला, आणि त्या शब्दाला भिऊन आपण पस्तीस लेकरांना सकाळभर बहिरं करून ठेवलं. पुढची गाडी आली तेव्हा त्यांनी हात सोडले. पूजाकडे बोट केलं, मूठ मिटली, पुढच्या घरात नेऊन उघडली. पूजानं हातचा टाकला. सगळा वर्ग एकदम हलला, हात वर गेले, आणि गाडीच्या त्या खडखडाटात उरलेल्या पाच बेरजा सुटल्या.

त्याच दुपारी लताबाईंनी संस्थेला पत्र लिहिलं, पण ते हवं तसलं नव्हतं. शेरा मान्य नाही, समक्ष म्हणणं मांडायचं आहे, सुनावणी द्यावी. गोरक्ष सरांनी ते पुढे पाठवताना कपाळावर हात मारून घेतला.

सुनावणी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, संस्थेच्या नाशिकच्या ऑफिसात ठेवली. निवृत्ती बरोबर आला, पण नाशिकरोडला गाडीतून उतरल्यावर म्हणाला, "मी हितंच थांबतो. तुमच्या हापिसात मला घाम फुटतो. तू जा आणि नीट बोल." स्टेशन म्हणजे त्याला घरच. लताबाई एकट्याच रिक्षात बसल्या.

आत दोघेच होते. एक शेवाळे साहेब, आणि दुसरे सचिव. सचिव पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षांचं पॅकहाऊस असलेले, आणि निर्यातीची पेटी उघडून बघावी तसे माणसाकडे बघायचे. कुठला मणी काढून टाकायचा ते त्यांचं आधीच ठरलेलं असायचं. टेबलावर टाइप केलेलं पत्र तयार होतं: 'मी यापुढे अध्यापन करताना हावभाव करणार नाही.' खाली सहीची जागा, आणि शेजारी टोपण काढलेलं पेन.

"बसा मॅडम. सही केली की चहा घेऊ," सचिव म्हणाले.

"आधी मला बोलायचंय," लताबाई म्हणाल्या, आणि बोलल्या. रूळ किती लांब, गाड्या किती, गाडीमागे मिनिटं किती जातात, यार्डातले इशारे वर्गात कसे आले, डिसेंबरातल्या त्या दिवशी ब्लॉक कसा होता. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. हात मांडीवरच्या पर्सवर ठेवले होते. ते त्यांनी घरून ठरवूनच आणलं होतं.

शेवाळे साहेब ऐकत होते. ब्लॉकचं ऐकल्यावर त्यांनी एकदा चटकन वर पाहिलं आणि नजर पुन्हा कागदात घातली. त्यांना कळलं होतं. आपण काय पाहिलं आणि काय लिहिलं, ते त्या क्षणी त्यांना पुरतं कळलं, आणि लताबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं. पण कळलेलं कबूल करायला छाती लागते. साहेबांनी त्याऐवजी हसू आणलं.

"असं म्हणता? मग एकदा करूनच दाखवा ना. सचिव साहेबांनी काही पाहिलेलं नाही. तो वाघ दाखवा, वाघ."

सचिव खुर्चीत मागे रेलले. "हो, हो. बघू तरी."

"नाही," लताबाई म्हणाल्या.

"का? तिथं तर झकास चाललं होतं."

"तिथं पस्तीस मुलं आहेत आणि खिडकीबाहेर मालगाडी आहे. इथं गाडी नाही, मुलं नाहीत, आणि तुम्हा दोघांनाही जोडाक्षरं येतात. इथं मी तुमच्या करमणुकीसाठी हात हलवले, तर ते मात्र नाटकी होईल. तुम्हाला बघायचं असेल तर शाळेत या. दिवसभर बसा. ब्लॉक नसेल त्या दिवशी या."

साहेबांचं हसू मावळलं. "राग येऊ देऊ नका मॅडम. हे तुमच्या रक्तातच आहे म्हणतो मी. वडील जलशात होते ना तुमचे? तुमच्या लोकांत ते उपजतच असतं."

लताबाईंना ठाऊक होतं, हे कधीतरी येणार. लहानपणी शाळेत ते आलं होतं, डी.एड.ला आलं होतं, इथंही येणारच होतं. तरीसुद्धा त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"होते जलशात," त्या म्हणाल्या. "पाच गावांची माणसं चालत यायची त्यांना ऐकायला, आणि ऐकून पोरं शाळेत घालायची. त्यातलीच मी एक. त्यांचा मला अभिमान आहे, त्यांचा जलसा तुम्ही शिवीसारखा वापरू नका. आणि रक्तातलं म्हणाल, तर हे हात माझ्या रक्तातले नाहीत. रेल्वेतले आहेत. मी शिकून घेतलेत, तुम्हीही शिकू शकाल."

सचिवांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, शब्दाला शब्द वाढतो. सही करताय की नाही?"

"करते. पण मला आधी तुमचा लेखी आदेश द्या. रुळांलगतच्या शाळेत गाडी जात असताना शिक्षिकेनं शिकवणं बंद ठेवावं, असा. तुमच्या सही-शिक्क्याचा. तो मी शाळेच्या फाटकावर लावते. मुलांचे बाप यार्डात काम करतात. हातानं बोललेलं खरं की खोटं, ते त्यांना विचारू."

सचिवांनी शेवाळे साहेबांकडे पाहिलं, शेवाळे साहेबांनी पंख्याकडे.

"असा आदेश कोण काढील?" सचिव शेवटी म्हणाले.

"मग असं पत्र कोण देईल?"

"तर मग शेरा राहील."

"राहू द्या."

"पद जाईल, मॅडम. हर्षलला द्यावं लागेल. यात माझा काही स्वार्थ नाही, नियमच तसा आहे."

लताबाईंना कुसाबाई दिसली, जरीकाठाचं लुगडं नेसून शाळेच्या पायऱ्या चढणारी. बोललं तर आवाज फुटेल आणि हे दोघे एकमेकांकडे बघतील, म्हणून त्यांनी पेनच उचललं. त्यांनी तयार पत्र बाजूला सारलं, अहवालाचा कागद ओढून घेतला आणि 'कर्मचाऱ्याचे म्हणणे' या रकान्यात लिहिलं: 'शेरा मला मान्य नाही. मी अशीच शिकवते, आणि निवृत्त होईपर्यंत अशीच शिकवीन.' खाली पूर्ण नावानं सही केली, तारीख घातली, पेनाला टोपण लावलं आणि उठल्या. चहा आला होता. तो त्यांनी घेतला नाही.

नाशिकरोडला त्या एक नंबरच्या फलाटावर शिरल्या तेव्हा निवृत्ती समोरच्या फलाटावर होता, मनमाडकडची गाडी तिथंच लागणार होती. मधल्या रुळावर एक सुटं इंजिन घरघरत उभं होतं, वर लाउडस्पीकरवर घोषणा चालली होती. निवृत्तीनं त्यांना पाहिलं, बाकावरून उठून फलाटाच्या कडेशी आला आणि हात वर करून विचारलं, काय झालं?

पूल चढून जाऊन सांगता आलं असतं. पाच मिनिटांचं काम. पण लताबाईंना तेवढा दम निघाला नाही. त्यांनी पर्स पायाशी ठेवली. हवेत सही केली आणि तळवा आडवा फिरवला: सही नाही केली. डोक्यावरची टोपी काढून लांब फेकल्यासारखं केलं: पद गेलं. मग दोन्ही हात पुढे धरून दाही बोटं हलवली: हे चालू राहणार. फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. कॉलेजातल्या दोन मुली एकमेकींना कोपर मारून हसत होत्या, एकीनं मोबाइल वर धरला होता.

पलीकडून निवृत्तीनं गालावरून बोट खाली ओढलं: रडतेयस का?

हो, त्या रडत होत्या. केव्हापासून ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"काय नाटकी बाई आहे!" शेजारी कुणीतरी म्हणालं, आणि इंजिनाच्या घरघरीतूनही लताबाईंना ते स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी डोळे पुसले नाहीत, तोंड फिरवलं नाही, हातही आवरते घेतले नाहीत. उलट ते आणखी उंच उचलले, समोरून नीट दिसतील असे, आणि आत काय काय झालं ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.